लाल दोरा मशीनकडे

तिनं कागदाला लावायची पिन सरळ केली, चिमट्यासारखी वाकवली आणि वायरच्या तोंडातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकात एकदमच खुपसली. मग मांडीवरच्या लॅपटॉपची एक कळ दाबली. पडद्यावर तेच अक्षर उमटलं. पिन काढून तिनं पुन्हा तीच कळ दाबली, तेव्हा पडदा कोराच राहिला.

"वायर शाबूत आहे," ती म्हणाली.

"हे चांगलं की वाईट?" दारात उभ्या असलेल्या साहेबांनी विचारलं.

"कळलं, एवढंच चांगलं."

साहेब म्हणजे धरणाच्या दरवाजांचे इंजिनिअर. दरवाजे उचलायचा हुकूम त्यांचा, आणि त्याआधी वीस मिनिटं नदीकाठच्या तिन्ही चौक्यांवर भोंगा वाजवायचं काम या खोलीतल्या सर्व्हरचं. दरवाजे पाच वाजता उचलायचे ठरलं होतं आणि तीच वेळ सकाळी सर्व्हरला सांगून ठेवली होती. पण वरून पाणी अंदाजापेक्षा फार लवकर आलं. आता दरवाजे तीनलाच उचलावे लागणार होते आणि सर्व्हर मात्र पाचची वेळ उराशी धरून बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते.

नवी वेळ सांगायची तर सर्व्हरच्या आत शिरायला हवं आणि आत शिरायचं दार तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ती इथं संगणकाचं काम बघायला आली, तेव्हापासून तिला एकच गोष्ट खुपत होती. या सर्व्हरमध्ये कुणीही यावं, कुणीही जावं, असा सगळा मोकळा कारभार होता. आज सकाळी तिनं ठरवलं, आता शिस्त लावायची. ज्यांना परवानगी आहे त्यांची यादी आधी द्यायची आणि मग बाकीच्यांना दार लावायचं, इतका साधा क्रम. तिनं आधी दार लावलं. एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि पुढच्या क्षणी तिची स्वतःची जोडणी तुटली. पाठोपाठ साहेबांच्या टेबलावरची तुटली. यादीत नसेल त्याला आत घेऊ नकोस, असं तिनं सांगितलं होतं. यादी कोरी होती आणि सर्व्हर फारच आज्ञाधारक निघाला.

"बंद करून पुन्हा चालू केला तर?" साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

"साडेचार वर्षांत तो एकदाही बंद झालेला नाही, सर. आतली डिस्क जुनी आहे. एकदा थांबली तर पुन्हा फिरेलच असं नाही. फिरली तरी तपासणीतच तासभर जाईल."

"आणि पडदा जोडून?"

"पडद्याचं सॉकेट जळालंय. नानांच्या वहीत तसं लिहिलंय."

नाना म्हणजे तिच्या आधीचे. बावीस वर्षं त्यांनी ही खोली सांभाळली आणि निवृत्त होताना स्वच्छ अक्षरात लिहिलेली एक जाडजूड वही तिच्या हातात ठेवली. तिनं त्यातली मशीनची पानं वाचली होती. बाकीची पुढे कधीतरी सवडीनं वाचू म्हणून ठेवली होती.

राहता राहिलं होतं सर्व्हरच्या पाठीमागचं नऊ सुयांचं जुनं तोंड, सिरियल पोर्ट. नेटवर्कचं पुढचं दार लागलं तरी घराला मागचं दार असतं, तसं हे. त्यातून वायर ओढून लॅपटॉपला जोडली की सर्व्हर स्वतःहून नाव आणि परवलीचा शब्द विचारतो. निदान विचारायला हवा. तिनं वायर जोडली होती, लॅपटॉपनं ती ओळखली होती, बोलायचा प्रोग्रॅम उघडला होता आणि एंटर दाबून दाबून करंगळी दुखायला आली होती. समोरून हूं नाही की चूं नाही.

"जीप पाठवलीय," साहेब म्हणाले. "पहिल्या दोन चौक्यांवर लाउडस्पीकर फिरवतील. तिसरीला वळसा घालून जायचं तर दोन तास लागतात. ती नदीच्या वळणावर, तिथं फोनला रेंज नाही. चौकीदाराला आपल्याला फोन करायचा असला तर तो टेकडीवर चढतो, पण आपण केलेला फोन त्याला लागत नाही." ते थांबले. "तीनच्या पुढे दहा मिनिटं ताणता येतील. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

ते फोनवर बोलायला निघून गेले. ती फरशीवर, मशीनच्या मागे, धुळीत बसून राहिली. तिसऱ्या चौकीखालच्या पात्रात या दिवसांत माणसं असतात, हे तिला ठाऊक होतं. कुणी धुणं घेऊन उतरतं, कुणी भाजीला पाणी घालायला, कुणी जनावरं घेऊन. आणि तरीही, अक्षर परत येतं मग सर्व्हर गप्प का, हा प्रश्न तिला आतून गुदगुल्या करत होता. लहानपणी तिनं वडिलांचा रेडिओ तीनदा उघडला होता आणि तिन्ही वेळा मार खाल्ला होता. या स्वभावाची तिला आज पहिल्यांदाच लाज वाटली. तरी प्रश्न काही सोडवेना.

लॅपटॉप ठीक, वायर अखंड, पोर्टही ठीक असणार. मग तिनं वायरची दोन्ही टोकं समोरासमोर धरली आणि कपाळावर हात मारला. वायर सरळ होती. इकडची दोन नंबरची तार तिकडे दोनलाच आणि तीनची तीनलाच जात होती. म्हणजे दोघांची तोंडं एका तारेवर आणि दोघांचे कान दुसऱ्या तारेवर. दोघंही बोलत होते आणि ऐकायला कुणीच नव्हतं. मधे तारांची अदलाबदल झालेली, उलटी वायर हवी होती.

खणात सात वायरी निघाल्या. सातही सरळ. दोन वाजायला आले होते. तिनं चाकू घेतला. एक वायर कापून तारा उलटसुलट पिळून बघायच्या, दुसरा इलाज नव्हता. पण आतल्या तारा केसाएवढ्या बारीक असतात आणि कुठला रंग कुठल्या सुईचा ते वरून कळत नाही. कापायच्या आधी तिनं नानांना फोन लावला.

फोन काकूंनी उचलला.

"त्यांना आत घेतलंय गं. डोळ्याचं ऑपरेशन. आज उजवा, पुढच्या महिन्यात डावा."

"बाहेर कधी येतील?"

"तासाभरात म्हणालेत. आले की फोन करायला सांगू? बोलायला काही डोळे लागत नाहीत."

"तासाभरानं उशीर होईल, काकू. मला त्यांची एक वायर हवी होती."

"मग मावशींना विचार की. हे नेहमी म्हणतात, माझ्या वस्तू माझ्यापेक्षा मावशींना जास्त माहीत."

मावशी ऑफिसात झाडलोट करायच्या. वीस वर्षांत त्यांनी चार साहेब पाहिले होते आणि चौघांनाही पायपुसण्यावर पाय पुसायला लावलं होतं. त्यांच्याशी तिचं बोलणं 'चहा ठेवू का ताई' आणि 'नको मावशी' यापलीकडे गेलं नव्हतं. खरं तर त्यांची एक सवय तिला मुळीच आवडत नसे. दर गुरुवारी चार वाजले की मावशी बादली घेऊन थेट मशीनच्या खोलीत शिरायच्या. विजेच्या यंत्रांपाशी पाण्याची बादली! सोमवारी तिनं एक नोटीस टाइप केली होती: एक तारखेपासून सफाई कर्मचाऱ्यांना या खोलीत प्रवेश बंद. नोटीस सहीसाठी साहेबांच्या ट्रेमध्ये गेली होती.

मावशी जिन्याशी फडकं पिळत होत्या.

"मावशी, नानांची एक वायर होती का? अशीच दिसते, पण..."

"काळी? लाल दोऱ्याची?"

तिनं नुसतीच मान हलवली. लाल दोऱ्याचं तिला काही माहीत नव्हतं. मावशी जिन्याखालच्या आपल्या कपाटाकडे गेल्या आणि धुतलेल्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आल्या. आत वायर होती. एका टोकाला लाल दोरा बांधलेला होता.

"लाल दोरा मशीनकडे," त्या म्हणाल्या.

तिनं वायर बसवली आणि एंटर दाबलं. पडद्यावर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि कसलीकसली वाकडीतिकडी अक्षरं भसाभस सांडली. ती मोठ्यानं हसली. त्या आवाजानं साहेब धावत आले.

"काय झालं? हे काय आहे?"

"कचरा आहे, सर! पण तो बोलतोय. तो एका वेगानं बोलतोय आणि आपण दुसऱ्याच वेगानं ऐकतोय. वेग जुळला की झालं."

तिनं वेग बदलला. पुन्हा कचरा. आणखी एक वेग, आणखी थोडा निराळा कचरा. नेहमीचे चार-पाच आकडे तिला पाठ होते. ते एकेक करून संपत आले. सव्वादोन होऊन गेले होते. साहेब घड्याळाकडे बघायचं मुद्दाम टाळत होते. मावशी गेल्या नव्हत्या. भिंतीला टेकून, मान तिरकी करून त्या पडद्याकडे बघत होत्या.

"अक्षरं अशी धावत नाहीत, ताई," त्या म्हणाल्या. "सावकाश येतात. एकेक. नळ गळतो तशी."

तिची बोटं कळांवरच थांबली. तिनं वळून पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

"तीनशे ठेवा," मावशी म्हणाल्या. "पूर्वी ही वायर पार धरणाच्या दरवाजाच्या खोलीपर्यंत जायची. नाना म्हणायचे, लांबवर बोलायचं तर सावकाश बोलायचं. मग तेच राहिलं."

तिनं तीनशे टाकलं आणि एंटर दाबलं. एक अक्षर आलं. मग दुसरं. मग तिसरं. डोळ्यांना एकेक वेगळं दिसेल अशा बेतानं सर्व्हरनं आपलं नाव सांगितलं आणि तिचं नाव विचारलं. नाव आणि परवलीचा शब्द टाइप करताना ती दोनदा चुकली.

तिनं सकाळची ती एक ओळ पुसून टाकली. भोंग्याची वेळ बदलली: दोन वाजून चाळीस मिनिटं. बदललेली वेळ तिनं मोठ्यानं वाचली, साहेबांनी पुन्हा वाचली आणि ते परत फोनकडे पळाले. अजून तेरा मिनिटं बाकी होती. फरशीवरून उठावं असं तिला वाटेना. मावशीही हलल्या नाहीत.

दोन चाळीसला पडद्यावर तीन ओळी हळूहळू उमटल्या. एक नंबरला आदेश गेला. दोन नंबरला गेला. तीन नंबरला गेला. आदेश गेला म्हणजे भोंगा वाजलाच असं नाही. पात्र रिकामं झालं की चौकीदारांनी तसं फोनवर कळवायचं, अशी इथली रीत होती. थोड्या वेळात पहिल्या चौकीचा फोन आला, पाठोपाठ दुसरीचा. तिसरीचा आला नाही.

वाट बघण्यावाचून हातात काही नव्हतं. नुसतं बसवेना म्हणून तिनं सर्व्हरला विचारलं, मी इथं आल्यापासून या मागच्या दारानं कोण कोण आलंय? सर्व्हर एकेक अक्षर ठेवत उत्तर देऊ लागला. तिची आजची ओळ सोडली तर सगळ्या ओळींत एकच नाव होतं: 'घड्याळ'. वार गुरुवार. वेळ चार वाजून पाच मिनिटं, कधी सहा. तिनं बोट लावून मोजलं. ती इथं आल्यापासून सव्वीस गुरुवार झाले होते आणि ओळी सव्वीस होत्या. मधल्या एका गुरुवारी तर ऑफिसला सुट्टी होती.

"मावशी, हे घड्याळ म्हणजे तुम्ही?"

"मी घड्याळ लावते. नाव नानांनी दिलंय."

या सर्व्हरला मुद्दामच बाहेरच्या जगाशी जोडलेलं नव्हतं. त्यामुळे कुणी वेळ लावून दिली नाही तर त्याचं घड्याळ मागे पडत जाणार, हे तिला समजायला हवं होतं. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं घड्याळ तपासलं होतं, ते अचूक निघालं आणि ती खूश झाली होती. अचूक का आहे, हे तिनं विचारलं नव्हतं. तीनदा रेडिओ उघडणाऱ्या मुलीनं इथे झाकणालाही हात लावला नव्हता.

"पण बादली?" तिनं विचारलं.

"बादलीत नानांचा जुना लॅपटॉप असतो. वर फडकं टाकते. उघड्यावर नेला की जो तो थट्टा करतो, मावशी आता इंजिनिअर झाल्या म्हणून." मावशींनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "पाच ओळी आहेत. नानांनी मोठ्या अक्षरात लिहून दिल्यात. नाव, शब्द, तारीख, वेळ, बाहेर. दुसरं काही मला ते मशीन करूच देत नाही."

"पण शिकलात कशासाठी? तुमचं ते काम नव्हतं."

मावशी म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली. हे घड्याळ अकरा मिनिटं मागे पडलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. भोंगा उशिरा झाला. माझी जाऊ तिसऱ्या चौकीखाली बकऱ्या चारते. ती कशीबशी वर आली, दोन बकऱ्या गेल्या. घरी येऊन तिनं मला धरलं, तुझ्या ऑफिसचा भोंगा, तुझ्या ऑफिसचा भोंगा. मी म्हटलं, मी काय भोंगा वाजवते? मी लादी पुसते. झालं. तेव्हापासून बोलणं बंद." त्यांनी घडी पुन्हा मोडली. "दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हटलं, कुठलं घड्याळ ते मला दाखवा. त्यांची मान वर होईना. म्हणाले, मावशी, मी विसरेन, तुम्ही विसरणार नाही."

"जाऊबाईंना माहीत आहे हे?"

"तिला कशाला सांगू? अशीही ती भांडखोरच आहे."

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. "मला तरी सांगायचं ना, मावशी."

"नाना म्हणाले, वहीत लिहिलंय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मग परवा ती नोटीस पाहिली. म्हटलं, ताईंनी दुसरी काही सोय केली असेल."

मावशींच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. ती उठली, टेबलावरची वही उघडली आणि कधीच न वाचलेली पानं चाळली. 'साफसफाई' या मथळ्याखाली, कुंड्यांना पाणी आणि जाळ्या काढणे यांच्या खाली नानांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: गुरुवार, चार वाजता, सर्व्हरचं घड्याळ, मावशी. हे सर्वांत महत्त्वाचं.

साहेबांच्या खोलीत साहेब फोनसमोर उभे होते. तीनला दोन मिनिटं कमी होती. तिनं काही न बोलता ट्रेमधून नोटीस उचलली.

"सही झालीय त्यावर," साहेब म्हणाले.

"मागची बाजू कोरी आहे."

तिथंच उभ्या उभ्या तिनं मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. लाल दोरा मशीनकडे. वेग तीनशे. गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी घड्याळ, मावशी लावतील. त्या नसतील तर त्यांना विचारून मी. मावशी दारातून वाकून वाचत होत्या.

"चार वाजून पाच नाही, ताई. चारच लिहा. वरची पाच मिनिटं जिन्यात जातात. गुडघे."

तिनं पाच खोडलं. तीन वाजले. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि रुमाल हातातच ठेवला. दरवाजाच्या खोलीतून विचारणा झाली, त्यांनी थांबा म्हणून सांगितलं. तीन वाजून दोन मिनिटं झाली. तीन वाजून चार. मावशींची नजर फोनवरून हलत नव्हती आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

तीन वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावला. आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला.

"तीन नंबर, साहेब. भोंगा वाजला. पात्र मोकळं आहे, मी स्वतः टोकापर्यंत जाऊन बघितलं."

साहेबांनी दुसऱ्या फोनवर दरवाजे उचलायला सांगितलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं मावशींचा हात धरला होता हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"आणि एक निरोप आहे," चौकीदार म्हणाला. "इथल्या एक बाई आहेत, बकऱ्यावाल्या. मी टेकडी चढायला निघालो तर मला थांबवून सांगितलं. म्हणाल्या, ऑफिसात सांग, चौदा बकऱ्या, चौदाच्या चौदा वर आल्या."

"ऑफिसात कुणाला?" साहेबांनी विचारलं.

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाल्या, जो भोंगा वाजवतो त्याला."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मावशींकडे पाहिलं. मावशी आपला हात सोडवून घेऊन टेबलाची कड पुसू लागल्या. ती कड आधीच स्वच्छ होती.

"पंधरा होत्या," त्या म्हणाल्या. "एक विकली असेल."

दूरवर दरवाजे उचलल्याची घरघर सुरू झाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशी पुसायच्या थांबल्या.

"आणखी काही म्हणाली का, विचारा ना," त्या म्हणाल्या.

पण तोवर टेकडीवरची रेंज गेली होती.